ब्रेकवाल्या टिपणीसची अमेरिका

अमेरिकेतल्या घरांच्या ओट्यावर झुलती खुर्ची का असते, हे मला जर्मनीत, र्युसेल्सहाइममधल्या आमच्या इमारतीच्या तळघरात, मशीनमधून काढलेले ओले मोजे हातात धरून ऐकावं लागलं. सांगणारा सुहास टिपणीस. खालच्या मजल्यावर राहतो, गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो आणि अमेरिकेला आजवर एकदाही गेलेला नाही.

"आल्झो, मुद्दा असा," हे त्याचं पालुपद; आल्झो म्हणजे जर्मनमधलं 'तर'. ते कानावर पडलं की आपली कामं विसरायची. बेकरीच्या रांगेत त्याने मला वाळवंटातल्या मोटेलांच्या निळ्या-गुलाबी पाट्या दाखवल्या. जिन्यात मिसिसिपी वाहवली, इतकी संथ की माझ्या पिशवीतलं आइस्क्रीम वितळलं. सांगताना त्याचे डोळे अर्धे मिटत, आणि खरं सांगतो, मीही त्याच्यामागून गव्हाच्या अफाट शेतांत कितीदा हिंडून आलो.

हे वेड लागलं मुलीमुळे. शाळा संपल्यावर सानिकाने जाहीर केलं की ती अमेरिकेची संस्कृती शिकणार. साहित्य, सिनेमा, संगीत, माणसं. त्यासाठी ऑक्टोबरात लाइपझिगला जाणार. टिपणीस पहिला आठवडा सगळ्यांना अमेरिकन व्हिसाबद्दलच विचारत होता. अमेरिका शिकायला जर्मनीबाहेर जावं लागत नाही, हे त्याच्या बायकोने, मधुरावहिनींनी, त्याला समजावलं तेव्हा तो जरा खट्टूच झाला.

मग त्याने तिच्या पदवीचं प्लॅनिंग हाती घेतलं. इथे मुख्य विषयाच्या जोडीला एक दुय्यम विषय घ्यायचा असतो, नेबेनफाख. त्या बैठकीला मी पोह्यांच्या आशेने हजर होतो.

"आल्झो, मुद्दा असा. मेन अमेरिका. नेबेनफाख मेकॅनिकल."

"नाइन, पापा," सानिकाने जर्मनमध्येच नकार दिला.

"बॅकअप असावा गं. प्रत्येक गाडीला हँडब्रेक असतो."

"अहो, ती गाडी नाहीये," वहिनी म्हणाल्या.

सानिका जर्मनमध्ये भराभर काहीतरी बोलली आणि खोलीत निघून गेली.

"काय म्हणाली?" टिपणीसने मला हळूच विचारलं.

"नेबेनफाख सिनेमा घेणार म्हणाली."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला, जणू त्याला कळलंच होतं. मग बाल्कनीत येऊन रेलिंगला टेकला. "मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. तिला माझं सगळं कळतं, मला तिचं अर्धं. माझं जर्मन ब्रेकपुरतं आहे रे. गाडी थांबवता येते, पोरीला बोलतं करता येत नाही. इंग्रजी दोघांनाही येतं. पण इंग्रजीत बोलायला बाप-लेकीला काही विषय तर हवा."

तेव्हा कुठे मला तळघरातल्या त्या व्याख्यानांचा अर्थ लागला.

सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्ही सगळे माइन नदीच्या काठी चहा घेऊन बसलो होतो. उन्हं कलली होती. एक लांबलचक मालवाहू होडी इतक्या सावकाश जात होती की आपणच मागे सरकतोय असं वाटावं. सानिका पाय पसरून गवतावर पडली होती. आकाशाकडे बघत तिने सहज इंग्रजीत विचारलं, "पापा, खरे काउबॉय कोण होते, माहितीये?"

आदल्याच आठवड्यात पार्किंगमध्ये त्याने मला हे तासभर समजावलं होतं. त्यांच्यातले कितीतरी काळे होते, मेक्सिकन होते, दोर फेकायची कला कुठून आली, खोगीर कुणाचं, सगळं. आता मुद्दा येणार.

टिपणीस इंग्रजीत म्हणाला, "नाही गं. सिनेमात दिसतात तसेच असतील ना?"

सानिका उठून बसली. "अजिबात नाही," म्हणाली आणि सांगू लागली. हातवारे करत, मध्येच हसत, न थांबता.

मी काही बोलायला तोंड उघडलं, तर टिपणीसने माझा गुडघा घट्ट दाबला. माझ्याकडे बघितलंही नाही. तो तिच्याकडे बघत होता.

"मग?" तो तिला म्हणाला. "आणि दोर कसा फेकायचे?"