परातीवरचा टेलिफोन

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, माणूस मेला ही बातमी दुय्यम होय. ती फोनवर किती साफ ऐकू आली, हा मुख्य प्रश्न. हे मत माझे नाही. आमच्या इतवारीतल्या गल्लीचे एकमेव टेलिफोनधारक नत्थूजी कासार यांचे आहे, आणि ते त्यांनी ऐन सुतकात मांडलेले मी या कानांनी ऐकले आहे.

झाले असे की आमच्या शेजारच्या गुलाबराव कोष्ट्याला उमरेडहून फोन आला. सासरा गेला होता. गुलाबराव रिसीव्हर ठेवून डोळे पुसू लागला, तेवढ्यात नत्थूजींनी विचारले, “आवाज कसा होता?”

“काकाजी, सासरा गेला माहा!”

“गेला ते समजलं गा. पण ‘गेला’ असं साफ ऐकू आलं, का अंदाजानं रडून राहिला?”

गुलाबराव रडायचा थांबला. जरा आठवून म्हणाला, “थोडी खरखर होती.”

“मंग? उमरेडले लाव अन् विचारून घे. माणसानं अंदाजानं रडू नाही.”

आणि त्या भल्या माणसाने खरोखर पुन्हा फोन लावून विचारून घेतले. दुसऱ्या वेळी सासरा अगदी स्वच्छ गेला. नत्थूजींनी मान डोलावली, आत वळून काकूंना गुलाबरावासाठी चहा टाकायला सांगितले, आणि मगच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

हे असे कान कुठून आले, ते सांगतो. नत्थूजींचे भांड्यांचे दुकान होते. पितळ, तांबे, कासे. तीन पिढ्यांचा धंदा, आणि त्या धंद्यात डोळ्यांना काम कमी. भांडे उजळून ठेवले की सगळेच सुंदर दिसते. खरे-खोटे कळते ते बोटाच्या पेराने ठोकल्यावर. बाई पाण्याचा गुंड, म्हणजे पितळी घागर, मागायला आली की नत्थूजी गुंड उचलून तिच्या कानाजवळ धरत, टण्कन वाजवत आणि म्हणत, “ऐक वं माय, काय म्हणून राहिला?” गुंड काही म्हणत असे की नाही देव जाणे, बाई मात्र घाबरून घेऊन जात असे. एखाद्या भांड्याचा नाद जरा फाटका निघाला की ते बाजूला. गिऱ्हाइकाने कितीही सांगितले, “दिसून तर काही नाही राहिलं,” तरी विकणार नाहीत. “दिसत नाही तोच तडा वाईट,” म्हणत.

पुढे ही सवय दुकानाच्या पायऱ्या उतरून गल्लीत आली. माणसांनाही ते आवाजावरून ओळखू लागले, म्हणजे कोणत्या धातूचा आहे ते सांगू लागले. गुलाबराव पितळी, दिवसभर हातमागाच्या खटखटीत बसून बोलायचा, त्यामुळे घरात मीठ मागितले तरी चौकातला दुकानदार पुडी बांधायला घेई. मत मागायला येणारे एक पुढारी होते, त्यांचा आवाज नुसता मुलामा. मी तेव्हा नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो आणि आपल्या वाणीवर थोडा खूश होतो. एकदा धीर करून विचारले, “काकाजी, माझा?”

त्यांनी डोळे मिटले. “बोल पाहू काही.”

मी तेव्हा तरुण होतो. मी चक्क एक सुभाषित म्हटले.

“जर्मलचं झाकण,” नत्थूजी म्हणाले. जर्मल म्हणजे आमच्याकडे ॲल्युमिनियम. वर समजूत घातली, “झाकणही लागतंच ना गा घरात.”

तर अशा माणसाच्या घरी टेलिफोन आला.

अर्ज केल्यापासून इतकी वर्षे गेली होती, की काळे, वजनदार यंत्र घेऊन तारवाले दारात आले तेव्हा गल्लीतल्या बायका हातातली कामे टाकून ओवाळायच्या बेताने बाहेर आल्या. नत्थूजींनी ते आधी टेबलावर ठेवले, घंटी वाजवून पाहिली, तोंड वाकडे केले. मग स्टुलावर ठेवून पाहिले. शेवटी आतून एक जुनी पितळी परात आणली, पालथी घातली आणि तिच्यावर फोन बसवला. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत फोन वाजला की देवळात आरती सुरू झाल्यासारखे वाटे. पहिले चार दिवस गुलाबरावाची आई ऐकू येताच हात जोडायची.

फोन सगळ्या गल्लीचा होता. लग्नपत्रिकांवर, दुकानांच्या पाट्यांवर नत्थूजींचा नंबर आणि पुढे कंसात पी.पी. असे छापलेले असे. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, बोलणार आम्ही. नत्थूजी कुणाला नाही म्हणत नसत. फक्त त्यांच्या नियमांनी बोलावे लागे.

पहिला नियम, बोलण्याआधी रिसीव्हरचा खालचा भाग तळहातावर हळूच आपटायचा. आत कोळशाचे बारीक दाणे असतात, ते गोळा होऊन बसतात आणि मग आवाज घोगरा येतो, असे त्यांना एका तारवाल्याने सांगितले होते. “झोपले राहतात ते. उठवा लागते,” असे म्हणून ते इतक्या मायेने थोपटत, की पाहणाऱ्याला वाटावे आता ढेकर येईल. दुसरा नियम, तोंड चार बोटे लांब. ती चार बोटे ते स्वतः मध्ये धरून उभे राहत. तिसरा नियम भयंकर होता. ‘भ’ आणि ‘फ’ ही अक्षरे म्हणताना तोंड बाजूला वळवायचे, कारण त्यांची फुंकर सरळ आत जाते आणि पलीकडच्याचा कान फुटतो. गुलाबरावाचा थोरला भाऊ भंडाऱ्याला होता. भाऊबीजेला भंडाऱ्याच्या भावाशी भांडणारा गुलाबराव मी पाहिला आहे. तो फोनशी कमी आणि भिंतीशी जास्त भांडत होता.

बोलणे चालू असताना पंखा बंद, हातमाग बंद, बाहेर हातगाडीवाला आला तर त्यालाही थांबवायचे. आणि बोलणे संपले की तो प्रश्न. कुणी बोलावले, काय झाले, कोण बाळंत झाले, याची चौकशी नाही. “आवाज कसा होता?”

खरखर होती असे कुणी सांगितले की नत्थूजी स्वतः एक्सचेंजला फोन करत. “बाई, तुमच्या लाइनीले तडा गेला आहे.”

तिकडची बाई हिंदीत म्हणे, “लाइन बराबर है, भाईसाब.”

“दिखने को बराबर है. ठोक के देखो!”

आता इतके कान टवकारून हा गृहस्थ कुणाच्या आवाजाची वाट पाहत होता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होते. फक्त बोलत कुणी नव्हते.

त्यांना एकुलता एक मुलगा, मनोहर. माझ्याच वयाचा. चौथ्या पिढीने गादीवर बसायचे ठरलेले होते. एके दिवशी हा पठ्ठ्या दुकानात प्लास्टिकची बादली घेऊन आला. हिरवीगार. म्हणाला, “बाबा, आता हे चालते. आपणही ठेवू.”

नत्थूजींनी सवयीने बादली ठोकली. थप्प. पुन्हा ठोकली. थप्प. दुकानात मी होतो, तीन-चार गिऱ्हाइके होती. नत्थूजींनी बादली लांब धरली, जणू कुणाचे तरी बाळ चुकून त्यांच्या हातात दिले होते. “हे तं बोलतच नाही गा.”

“लोकांले पाणी भराले पाहिजे बाबा, गप्पा माराले नाही.”

गिऱ्हाइके हसली. तिथेच चूक झाली. मला आजही वाटते, ती हसली नसती तर बादली राहिली असती आणि मनोहरही राहिला असता. नत्थूजी म्हणाले, “जे बोलत नाही ते तडा गेला तरी सांगत नाही. असला माल ह्या दुकानात नाही, अन् असा माल विकणाराही नाही.” मनोहर दोन पावले बाहेर गेला, परत आला, बादली उचलली आणि गेला. आठवड्याने कळले की तो सुरतेला प्लास्टिकच्या कारखान्यात लागला आहे.

त्यानंतर तो आईला कार्ड पाठवी. बापाचे त्यात नाव नसे, आणि बापाच्या तोंडात त्याचे नसे. काकूंना वाचता येत नसे, म्हणून कार्ड वाचायचे काम माझ्याकडे. मी वाचत असताना नत्थूजी पाठ करून बसत आणि एखादी वाटी पुसत राहत. एकच वाटी, कार्ड संपेपर्यंत.

टेलिफोन आला तेव्हा ते सगळ्यांना सांगत होते, धंद्यासाठी घेतला. धंद्याचा फोन दुकानात न ठेवता घरी काहून, असे गुलाबरावाने विचारले तर म्हणाले, “तिथं तांबट ठोकतात, ऐकू येत नाही.” काकूंनी मला त्याच संध्याकाळी मनोहरला कार्ड लिहायला बसवले. मी लिहीत होतो. नत्थूजींची पाठ आमच्याकडे. शेवटी पाठीकडूनच आवाज आला, “नंबर मोठा लिही, मास्तर. आकड्याले आकडा चिकटवू नको.”

कार्ड गेले. दिवाळी गेली, पोळा गेला, पुन्हा दिवाळी आली. गल्लीतल्या पोरी दिल्या-घेतल्या गेल्या, कुणाला नोकरी लागली, काटोलच्या एका दलालाने आमच्या गल्लीतून संत्र्याचे तीन ट्रक नुसत्या फोनवर विकले. परातीवरची घंटी सगळ्यांसाठी वाजली. दर वेळी नत्थूजी पहिल्या घंटीला उठत, दुसऱ्या घंटीला उचलत, ऐकत, आणि मग शांतपणे दारातून हाक मारत, “गुलाब, तुयासाठी आहे.”

मग एका रविवारी सकाळी ती घंटी झाली. मी पेपर वाचायला त्यांच्याकडेच बसलो होतो. त्यांनी फोन उचलला, आणि मी पाहिले, त्यांनी दुसऱ्या हाताने डोक्यावरची टोपी सारखी केली. मला म्हणाले, “सुरत.” बस्स, एवढेच.

पंखा मी बंद केला. गुलाबरावाचा माग कुणी न सांगताच थांबला. पाठोपाठ गुलाबराव स्वतः दारात. काकू मागच्या अंगणात सांडगे घालत होत्या, त्या पिठाचे हात तसेच वर धरून धावत आल्या.

आणि लाइन? सांगू नये अशी. मी दोन हातांवर होतो, मला रिसीव्हरमधून पातेल्यात वाळू ओतल्यासारखे ऐकू येत होते. त्या वाळूत कुठेतरी एक माणूस पुरलेला. नत्थूजींनी रिसीव्हर तळहातावर आपटला. कान बदलला. पुन्हा आपटला. “हॅलो,” म्हणाले. वाळूच. मला वाटले, इतक्या महिन्यांत त्यांनी मनात काय काय जुळवून ठेवले असेल. त्यातले एक अक्षर बाहेर येईना.

मध्येच ऑपरेटर बाई आली. तिचा आवाज मात्र सगळ्या खोलीला ऐकू आला. “आवाज नहीं आ रही क्या? कैंसल कर दूँ? दोबारा बुक करवा लीजिए.”

“नहीं, नहीं!” नत्थूजी इतक्या जोरात ओरडले की परात झणझणली. “रहने दो. अच्छा है. एकदम अच्छा है.”

गुलाबरावाने आणि मी एकमेकांकडे पाहिले. खराब लाइनवर बोलणाऱ्यांच्या हातातून रिसीव्हर काढून घेणारा हा माणूस!

“बोला ना काकाजी काही!” गुलाबराव त्याच्या परीने कुजबुजला, म्हणजे चौकापर्यंत. नत्थूजींनी हात वर करून त्याला गप्प केले. त्यांनी डोळे मिटले. काकूंनी रिसीव्हरच्या पाठीला आपला कान लावला. ते दोघे तसेच उभे राहिले, एक काळे यंत्र मध्ये घेऊन, आणि तिकडून वाळू पडत राहिली. मग बाई म्हणाली, तीन मिनट हो गए, आणि खट्.

नत्थूजींनी रिसीव्हर ठेवला नाही. आपल्या हातातच राहू दिला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी चालले होते आणि मला वाटले, आता हे रडतात. पण ते हसू होते. ते आधी मिशांत आले, मग खांद्यांत, मग पोटात.

“काय म्हणाला?” काकूंनी विचारले. “मले तं काहीच नाही आलं ऐकू. सांगा ना, काय म्हणाला मनोहर?”

“काय माहीत काय म्हणाला! एक शब्द समजला असंल तर शपथ. पण मधात खोकला वं तो. दोन डाव. मायासमोर बोलाचं असलं की आधी खोकते ना, तसाच. खोकला तं आपल्याच पोराचा आहे!”

आणि ते पुन्हा हसू लागले. टोपी काढून तिनेच डोळे पुसू लागले. काकू पिठाचे हात वर धरून त्यांच्याकडे पाहतच राहिल्या, आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात कडाडल्या,

“अहो, पोरगं तिकडं खोकून राहिलं, अन् तुम्ही हसून काहून राहिले जी?”