कोंडिबा कायम झाला

पौडच्या बाजारपेठेत चौकातल्या पुतळ्याचा फोटो काढायला रीतसर परवानगी मागणारा पहिला आणि शेवटचा माणूस म्हणजे शब्बीर फोटोवाला. आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं, पण विचारून करायची शब्बीरची सवय काही उठली नव्हती. दुकानाच्या पाटीला निळा रंग द्यायचा तरी तो आधी ग्रामपंचायतीत जाऊन यायचा. विचारलेलं बरं असतं, असं त्याचे वडील सांगत. वडिलांनी जन्मात कचेरीची पायरी चढली नव्हती, त्यामुळे त्यांचा या गोष्टीवर फार विश्वास होता.

प्रकरण अगदी साधं होतं. चंद्राबाईचा नवरा कोंडिबा गेल्या आषाढात तापानं गेला. आता वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो हवा आणि फोटोला हार हवा, ही रीतच पडली होती. ज्यांना जिवंतपणी कुणी बस म्हटलं नाही तेसुद्धा काचेआड बसून हार घेत होते. पण कोंडिबाचा फोटोच नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं तो म्हणायचा आणि कॅमेरा दिसला की रानात पळायचा. आयुष्य कमी व्हायचं ते झालंच, फोटो मात्र राहून गेला.

"पन त्यो चौकात हाय की उबा," चंद्राबाई शब्बीरला म्हणाली.

आणि ते खरं होतं. कचेरीसमोरच्या चौकातला 'आदर्श शेतकरी' म्हणजे कोंडिबाच. पुण्याहून आलेल्या शिल्पकाराला समोर उभा करायला एक शेतकरी हवा होता. त्या दिवसांत शेतकरी शेतात होते, तेव्हा मोकळा सापडला तो कोंडिबा. बापाची जमीन धरणात बुडालेली, स्वतः जन्मभर रस्त्याच्या कामावर हजेरीनं खडी फोडणारा. त्याच्या खांद्यावर दुसऱ्याचा नांगर दिला आणि सिमेंटचा आदर्श शेतकरी तयार झाला. नाक मात्र हुबेहूब उतरलं होतं. चंद्राबाई बाजाराला आली की पुतळ्यासमोर पदर सारखा करूनच पुढं जायची.

"नुस्तं तोंड काड, शब्बीर. बाकीचं सिमिट ऱ्हाऊ दे."

"काडतो की, मावशे. त्यात काय एवडं? फकस्त सायबांच्या कानावर घालू आन लगेच काडू."

कचेरीच्या मागच्या खोलीत कलाकृती जतन उपकक्ष होता. त्याचे प्रमुख देवस्थळी साहेब रोज वेळेवर येत आणि दिवसभर कुणी येत नाही याची नोंद ठेवत. शब्बीरनं परवानगी मागितली तेव्हा त्यांना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी शिपायाकरवी दुसरी खुर्ची मागवली आणि कोरी फाइल काढून तिच्यावरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसली.

"हो म्हणायला मला अधिकार नाही," साहेब म्हणाले, "आणि नाही म्हणायला आधार नाही. तुम्हाला या विषयातले नियम ठाऊक आहेत?"

"न्हाई, सायेब."

"मग नियम ठाऊक नसताना परवानगी मागणं हेच मुळात अनियमित झालं. आधी प्रशिक्षण घ्यावं लागेल."

झालं! 'नवशिक्यांसाठी सार्वजनिक इमारती व कलाकृती यांचे छायाचित्रण : स्वामित्वहक्क मार्गदर्शन वर्ग' असा फलक शाळेच्या व्हरांड्यात लागला. तालुक्याच्या त्या टापूत नवशिका काय आणि जुना काय, फोटोवाला शब्बीर एकटाच. तेव्हा संख्या भरायला ज्यांचा आयुष्यात कधीतरी फोटो निघाला आहे अशांनाही बसवलं. गेणबा न्हावी लग्नाच्या फोटोच्या जोरावर आत आला. चंद्राबाईला अर्जदाराची संबंधित म्हणून पुढच्या रांगेत जागा मिळाली.

"इमारतीचा फोटो खुशाल काढा," साहेबांनी सुरुवात केली. "कायद्याची हरकत नाही. परंतु इमारतीच्या भिंतीवर कुणी चित्र रंगवलं असेल तर ते चित्र वेगळं आणि इमारत वेगळी. इमारतीला सूट आहे, चित्राला नाही."

आता कचेरीच्या सगळ्या दर्शनी भिंतीवर कुटुंबनियोजनाचं हसरं कुटुंब रंगवलेलं होतं.

"मंग कचेरी काडायची, पन भित सोडून?" गेणबानं विचारलं.

"अर्थात. छपराला काही अडचण नाही."

वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांना हुरूप आला आणि ते शिल्पाकडे वळले. "शिल्प सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असेल, तर त्याचा फोटो कुणीही काढावा. शिल्पकाराला विचारायला नको, सरकारला नको. कुणालाच विचारायला नको."

शब्बीर उठलाच. "म्हंजी काडू, सायेब?"

"बसा. 'कायमस्वरूपी' या शब्दाखाली मी रेघ मारली आहे."

"कायम म्हंजी वो काय?" चंद्राबाईनं विचारलं.

कचेरीबाहेर कुठंही या प्रश्नाचं उत्तर चटकन मिळालं असतं. पण कचेरीत 'कायम' या शब्दाला एकच अर्थ असतो आणि त्यासाठी माणसं देवाला नवस बोलतात. देवस्थळी साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी पुतळ्याचे कागद मागवले, तिथेच उभ्याउभ्या चाळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हा हंगामी आहे. दर सहा महिन्यांनी मुदतवाढ देऊन उभा ठेवलेला आहे."

"आवं, पाय सिमिटात गाडल्यात त्येचं!"

"बाई, मीही इथं कित्येक वर्षं हंगामीच आहे. पाय गाडलेले असणं हा काही पुरावा होत नाही."

तेव्हा पुतळ्याला आधी कायम करून घ्यायचं ठरलं. कायम करण्याचं काम आस्थापना शाखेचं. त्या शाखेनं आयुष्यात माणसंच कायम केली होती, तीही फार थोडी, म्हणून तिनं सवयीनं मागायचे ते कागद मागितले. वैद्यकीय तपासणीसाठी दवाखान्याचे डॉक्टर शिडी घेऊन आले. 'नाडी लागत नाही; प्रकृती स्थिर' असा दाखला त्यांनी दिला. सरपंच हैबतरावांनी वर्तणुकीचं लिहून दिलं, की सदर इसम चौकात अहोरात्र उभा असूनही त्याची कुठल्या भानगडीत साक्ष नाही. असा स्वच्छ माणूस आपल्याला पंचायतीत मिळता तर, असंही ते शब्बीरजवळ हळहळून बोलले.

दरम्यान वर्षश्राद्ध जवळ येत चाललं होतं. चंद्राबाई बाजारच्या दिवशी दुकानात येऊन बसायची. शब्बीरचा कॅमेरा तिपायीवर तयार असायचा आणि तिच्या डोळ्याला डोळा द्यायची त्याला चोरी व्हायची. "हुतंय मावशे, वरपर्यंत कागद गेल्यात," असं तो म्हणायचा आणि चहा सांगायचा.

अखेर हुकूम आला. 'आदर्श शेतकरी (सिमेंट) यांस कायम करण्यात येत आहे.' चौकात पुतळ्याला हार घातला, पेढे वाटले. देवस्थळी साहेबांनी पुतळ्याचं अभिनंदन करताना डोळे पुसले. पुतळा त्यांच्या नंतर लागला होता.

चंद्राबाईनं मात्र पेढा हातात धरला आणि ती भडकलीच. "जल्मभर खडी फोडली त्यानं! दर साली म्हनायचा, चंद्रे, औंदा कायम करत्यात. उन्हात रगत आटवलं, तरी हजेरीवरच ठिवला. आता मेल्यावर कायम केलात व्हय रं, आन त्यो बी सिमिटाचा?" तिचा आवाज फाटला. तिनं पेढा चौथऱ्यावर ठेवला. लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

शब्बीरनं तिपायी रोवली. काळ्या कापडात डोकं घातलं. भिंगात कोंडिबाचं नाक आलं, मिशी आली, कपाळावरची आठी आली. आता बटण दाबायचं, एवढ्यात आस्थापना शाखेचा कारकून दुसरा कागद घेऊन धावत आला.

कायम माणूस बदलीस पात्र असतो. एकाच जागी इतकी वर्षं काढल्याबद्दल पुतळ्याची प्रशासकीय निकडीनुसार दुसऱ्या तालुक्यात बदली झाली होती, आणि त्यानं ताबडतोब रुजू व्हायचं होतं.

पहारी आल्या, दोर आले. शब्बीर कापडातून डोकं काढून ओरडला, "सायेब, निघायच्या आदी येक काडून घिऊ का?"

साहेबांनी डोळे मिटून विचार केला. माणूस प्रामाणिक होता, नियम मोडवत नव्हता. "नाही," ते म्हणाले. "चौथऱ्यावरून सुटलेला पुतळा सध्या कुठंच कायमस्वरूपी नाही. हलत्या पुतळ्याला सूट नाही. नव्या जागी रुजू झाल्यावर बघू."

वाटेत कुणी फोटो काढून कायदा मोडू नये म्हणून पुतळ्याच्या तोंडावर गोणपाट बांधलं. चंद्राबाई ट्रकमागं चौक संपेपर्यंत पळाली. मग बसली रस्त्यातच.

नव्या तालुक्यात चौथऱ्याला मंजुरी नव्हती. कोंडिबा तिथल्या गोदामात आडवा पडून रुजू होण्याची वाट बघू लागला, आणि गोदाम ही काही सार्वजनिक जागा नव्हे. वर्षश्राद्धाला चंद्राबाईनं पाटावर तांदूळ पसरले, वर सुपारी मांडली आणि सुपारीलाच हार घातला. हार मोठा होता, सुपारी त्यात दिसेना.

शब्बीर त्या दिवशी तिच्या ओटीवर मान खाली घालून बसला. सुपारीच्या पाया पडून तो तडक साहेबांकडे गेला.

"सायेब, येक इचारतो. मी पयल्याच दिशी न इचारता फोटो काडला असता तर काय झालं असतं?"

देवस्थळी साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "काय होणार? काहीच नाही. अहो, निम्म्या तालुक्याची वऱ्हाडं त्या पुतळ्याला टेकून फोटो काढून गेली. काढलेत तुम्हीच; पुतळा कमरेपर्यंतच आला एवढंच. तुम्ही विचारलंत म्हणून प्रकरण झालं."

शब्बीरनं हे चंद्राबाईला सांगितलं. ती म्हणाली, "कॅमेरा तुजा. कोंडिबा तुज्याम्होरं. बोट तुजंच. मंग सायबाकडं रं काय हुतं?"

पौडात अजून शब्बीरला लोक हसतात, आणि वाचता वाचता तुम्हीही हसलात. हसा बापडे. पण खरं सांगा. अगदी पहिल्या दिवशी, पुतळा समोर आणि कॅमेरा तयार असताना, शब्बीर म्हणाला की सायबांच्या कानावर घालू, तेव्हा तुमच्या तोंडून एकदा तरी आलं का, की अरे, काढ ना फोटो? नाही आलं. साहेब काय म्हणतात ते बघायला तुम्हीही निमूट पुढची ओळ वाचायला घेतलीत.