साहेबांच्या जीपची बॅटरी

"हा बंडूजी हाय तोवर रोहणा गावचा कार्यक्रम मुका नाई राहणार!" अशी छाती ठोकणारे बंडूजी सकाळपासून मोटारस्टँडवर ताटकळले होते. आर्वीला चार्जिंगला दिलेली त्यांच्या भोंग्याची बॅटरी काही आली नाही. आले ते वर्ध्याचे साहेब, जीपमधून, वाचनालयाच्या उद्घाटनाला!

साहेब चहाला बसताच बंडूजींनी ड्रायव्हर कृष्णकांतला गाठलं.

"तुमची बॅटरी द्या घंटाभर."

"नाई जमत! गाडीची बॅटरी म्हणजे पहिलवान. एक दणका देते, मंग इंजिन तिले पुन्हा भरते. भोंग्याची बॅटरी म्हणजे बैल, दिवसभर ओढते. पहिलवानाले नांगराले काऊन जुंपता?"

"एवढी जीप हालवते, अन् माहा भोंगा नाई वाजवणार?"

कृष्णकांतनं हात जोडले. बंडूजींनी पाना उचलला!

भोंगा असा गरजला की निंबावरचे कावळे उडाले. सरपंच तासभर बोलले, साहेब दोन तास. शेवटी बंडूजींची वहिनी जिजाबाई उभी राहिली. पंचेचाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकलेली, आयुष्यातलं पहिलं भाषण कागदावर लिहून आणलेलं!

"भावांनो अन् बायांनो..."

भोंगा म्हाताऱ्या बोक्यासारखा घुरघुरला आणि गप्प!

बंडूजींनी तारा हलवल्या, चिमटे घासले, बॅटरीला थापटलं. जिजाबाईनं माईक बाजूला सारला.

"पुढं सरका सारे. भावजीची बॅटरी मेली, मी नाई मेली!"

अडलं तिथं बोट ठेवून, अक्षर लावून, तिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मागची माणसं उठून पुढे आली. टाळ्या थांबेनात. बंडूजींनी डोळे पुसले. मग त्यांना जीप आठवली!

बॅटरी जागेवर बसवली. कृष्णकांतनं बटण दाबलं. नुसतं टक्! हँडल फिरवून त्याचे हात गळाले.

"धक्का मारा!" बंडूजी ओरडले. अख्खी सभा जीपला भिडली, खाली उतरलेले साहेबसुद्धा. नाल्याच्या उतारावर जीप फुर्रकन सुरू झाली.

"थांब!" साहेब ओरडले.

"थांबलो तं बंद पडन, साहेब! पळत या!"

साहेब पळाले. बंडूजींनी मागून रेटून त्यांना कसंबसं आत कोंबलं. जीप धुळीत दिसेनाशी झाली, आणि बंडूजींच्या हातात साहेबांचा एक बूट उरला.

दुसऱ्या दिवशी बंडूजी नेटानं वर्ध्याला गेले. बूट चपराशाच्या हाती दिला.

"कोणी आणला म्हणून सांगू?"

रोहण्याचं नाव ओठांवर आलं, ते बंडूजींनी गिळलं.

"सांगजो... हिंगणीचा एक माणूस आलता म्हणून."