दोन्ही कान दिसायला हवेत

हरणाचा फोटो काढायचं मी ठरवलं नव्हतं. ते माझ्या तोंडून निघून गेलं. (माझे बहुतेक निर्णय मला इतरांबरोबरच कळतात.)

त्याचं असं झालं. सासरे अंगणात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर आम्ही त्यांना आमच्या घरी आणलं. ते गावाबाहेर शेताच्या कडेला एकटे राहायचे. अंगणात खुर्ची टाकली की समोर माळ, आणि उजाडताना माळावर हरणं. आमच्याकडे खिडकी उघडली की शेजाऱ्यांची भिंत आणि तिच्यावरून उतरणारा सांडपाण्याचा पाइप. खोलीत शोभेला म्हणून पलंगासमोर एक फ्रेम होती, तीत मी होतो. स्टुडिओत नवे दिवे आणले तेव्हा ते तपासायला मीच माझा फोटो काढला होता. बरा आला म्हणून मोठा करून लावला.

सासरे आले त्याच दिवशी चांगल्या बाजूच्या कुशीवर वळले आणि कोऱ्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बोलणं नाही, जेवण जेमतेम. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळेल हो. पण त्यांनी खायला हवं, उठून बसायला हवं. असेच पडून राहिले तर पुन्हा उभे राहणार नाहीत."

बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. मलाही वाईट वाटत होतं. सासऱ्यांना मी घाबरतो, पण ते मला आवडतात.

संध्याकाळी तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला हवंय तरी काय?"

"काही नको." मग भिंतीलाच सांगावं तसं म्हणाले, "हरणं येत असतील माळावर."

"त्यात काय, मी फोटो काढून आणतो की त्यांचा!" हे मी बोललो.

सासऱ्यांनी पहिल्यांदाच मान वळवली. "तुम्ही?"

हा 'तुम्ही' समजायचा तर माझा धंदा सांगायला हवा. सरकारी कचेरीसमोर माझा स्टुडिओ आहे. एक स्टूल, एक पांढरा पडदा, दोन दिवे. ओळखपत्रं, परवाने, नोकरीचे अर्ज, सगळ्यांना लागणारे फोटो मी काढतो. माणसाचं छातीखालचं मी आजवर काही टिपलेलं नाही. नियमच आहे, चेहरा समोर आणि दोन्ही कान दिसायला हवेत. नाहीतर अर्ज परत येतो आणि गिऱ्हाईक माझ्याशी भांडायला येतं. (गावातली निम्मी माणसं मी कानांवरून ओळखतो.)

पण शब्द गेला होता. मेव्हणीला बाबांजवळ बसवून आम्ही दोघं त्यांच्या रिकाम्या घरी मुक्कामाला गेलो. उजाडायच्या आत अंगणाच्या बुटक्या भिंतीआड स्टँड लावला, कॅमेरा चढवला आणि बसलो. थंडी मरणाची. बायको शाल गुंडाळून माळाकडे बघत होती. लहानपणी ती इथेच बसून बघायची.

आणि हरणं आली. आधी माद्या, मग पिल्लं, आणि सगळ्यांच्या मागून एक मोठा नर. उंचवट्यावर येऊन तो आडवा उभा राहिला. डोक्यावर शिंगांचा केवढा पसारा, अंगावर कोवळं ऊन, खाली चरणारा कळप. 

"काढा," बायको कुजबुजली.

"थांब."

"कशाला थांब? काढा ना!"

"एकच कान दिसतोय."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. "अहो, त्याला काय परवाना काढायचाय?"

मला कळत होतं हो. पण बोट दाबेना. इतक्या वर्षांचं बोट ते, एका कानावर ते हलतच नाही. मी लेन्स फिरवून चेहरा जवळ घेतला, तो वळेल म्हणून वाट पाहिली. तो वळेना. शेवटी माझ्या नकळत माझ्याच तोंडून खणखणीत आवाज निघाला, "साहेब, इकडे बघा. हनुवटी थोडी खाली!"

साहेबांनी बघितलं. सरळ माझ्याकडे. मी बटण दाबलं. पुढच्या क्षणी माळ रिकामा होता.

परतीच्या बसमध्ये बायको दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. स्टुडिओत फोटो मोठा करून पाहिला. चेहरा समोर, डोळे उघडे, मागे कोरं पांढुरकं आभाळ. शिंगं वरून कापली गेलेली, कळप नाही, माळ नाही. एका कानाला मोठी फट होती. निदान तेवढी तरी कॉम्प्युटरवर सांधून द्यावी म्हणून मी माउस धरला, तर बायकोने हात धरला. "राहू द्या. आणखी काही करू नका."

सासऱ्यांच्या हातात तो कागद देताना मला लाज वाटत होती. त्यांनी चष्मा मागितला. मग उशी मागितली. मग, मेव्हणी धावली तरी तिच्या आधाराशिवाय, कोपरावर जोर देऊन ते उठून बसले.

"अगं, हा तर फाटक्या!" ते म्हणाले. "तारेत कान अडकला होता याचा, मीच सोडवला. गेल्या उन्हाळ्यापासून दिसला नव्हता. मला वाटलं, मेला." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "लांबून काढला असता तर ओळखू आला नसता. जावईबापू, नेमका फोटो काढलात."

त्या रात्री ते पोटभर जेवले. मी स्टुडिओत जाऊन थोडा वेळ स्टुलावर बसून राहिलो. माझ्या फोटोला इतकं चांगलं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर सासरे पलंगावर बसून चहा पीत होते, तोंड खोलीकडे. समोरच्या भिंतीवर फाटक्या लागला होता, माझ्याच फ्रेममध्ये, अगदी मापात.

"आता भिंतीकडे वळत नाही ना तुम्ही?" मी आनंदाने विचारलं.

"आता कशाला वळू?" ते म्हणाले. "राग मानू नका, पण तुमचा तो फोटो दिवसभर टक लावून बघायचा माझ्याकडे. जेवणसुद्धा जायचं नाही."

मी बायकोकडे वळलो. "माझा फोटो कुठाय?"

"तिथेच आहे की," ती चादर झटकत म्हणाली. "फाटक्याच्या मागे घातलाय. कागद पातळ होता, फ्रेममध्ये सैल बसत होता."