आबांचा उजवा पाय

आमच्या आबांची उजवी चप्पल डावीच्या कितीतरी आधी झिजते. आबा कुठेही बसले तरी त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत असतो. पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, टीव्हीसमोर. माझ्या लग्नात नवरदेवाची गाडी रिव्हर्समध्ये मांडवाकडे येत होती, तेव्हा यांनी भटजींच्या शेजारी बसून असा ब्रेक मारला की पाटावरचा कलश आडवा झाला. वर सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडले, "याले लायसन कोनी दिधं?"

हा प्रश्न त्यांनी जगातल्या प्रत्येक ड्रायव्हरबद्दल विचारला आहे. तळोद्याहून सातपुड्यात जीप नेण्यात त्यांचा जन्म गेला. आत माणसं, टपावर माणसं, मध्ये कोंबड्या आणि पत्रे. वय झालं तेव्हा मी भांडून ती जीप विकायला लावली आणि त्याच वर्षी आई गेली. तेव्हापासून आबा जगावर चिडलेले असतात आणि मी आबांवर.

शेवटी शहाद्याच्या एका सहलवाल्याकडे आमची नावं दिली. एका दिवसात इंदूरकडच्या घाटातली छोटी रेल्वे, दरी, धबधबा, सोबत गाइड. या माणसाने एक दिवस तरी राग बाजूला ठेवून काहीतरी डोळे भरून बघावं, एवढंच मला हवं होतं.

सेंधव्याच्या घाटात आबांनी बसच्या ड्रायव्हरपेक्षा जास्त ब्रेक मारले. ते सगळे पुढच्या सीटवरच्या काकूंच्या पाठीत बसले. काकू जागा बदलून गेल्या, जाताना माझ्याकडे असं बघून गेल्या की जणू पाय माझाच होता.

रेल्वेत बसल्यावर वाटलं, सुटले. रुळावरच्या गाडीची कसली आलीय काळजी? पण गाडी हलली आणि पाय सुरू झाला.

"हाऊ गाडी हाकी ऱ्हायना का ढकली ऱ्हायना?" आबा म्हणाले. "उतरा, पायी लवकर पोचसूत."

गाइडच्या गळ्यात शिट्टी आणि हातात माइक होता. "डावीकडे बघा मंडळी, दरी!" सगळा डबा डावीकडे झुकला. आबा दरीच्याच बाजूला बसले होते, पण खिडकीतून मान बाहेर काढून पुढचं वळण बघत होते.

"काका, मान आत घ्या."

"पहिले हॉर्न दे म्हना त्याले. वळन शे."

डबा हसला. पुढे धबधबा आला. गाइडने आबांना हाताने दाखवला. "मी काय आंधया शे?" म्हणून आबा पुन्हा पुढेच बघायला लागले.

माझं डोकं फिरलं. "तुम्हले रूळ दाखाडाले आनं का मी? देखा ना दरीकडे."

आबांचा आवाज माझ्याहून चढला. "कसा देखू? समोर कोन देखी? डायवर दरी देखाले लागना का गाडी दरीमा जास. तुन्ही माय बी असंच करे. बाजूले बठे आनि देखा ना, देखा ना. मी तिन्हावर खेकसू. एकबी डाव देखं नही मी."

बाजाराच्या दिवशी आई गिअरपासून पाय चुकवत त्यांच्या शेजारी बसून वर जायची. परत आली की फुललेले पळस, खाली दिसणारी पाड्यांवरची घरं असं सगळं आम्हाला सांगत बसायची. आबा तिथेच जेवत असायचे. मला वाटायचं, यांनीही ते पाहिलेलं आहे.

पुढच्या बाकावरच्या माणसाला उठवून मी त्याच्या खिडकीशी बसले आणि मान बाहेर काढली.

"आबा, समोर मी देखस. तुम्ही दरी देखा."

"आनि हॉर्न?"

"मी सांगस त्याले."

वळण आलं, मग दुसरं आलं. माझी मान अवघडली. ड्रायव्हरने मागे बघायचं नसतं, तरी मी एकदा पाहिलं. उजवा पाय फळीवर नुसता टेकलेला होता. आबा खाली दरीत बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. गाइड माइक घेऊन त्यांच्याकडे निघाला, त्याला मी हातानेच थांबवलं.

नजर न वळवता आबा माझ्यावर खेकसले, "इतली घाई काय शे त्याले? हळू हाक म्हना."