शेषरावजींचा हात

घोडीला ओढून न्यायचं असतं, असा माझा समज होता. तो आमच्या लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर, दूधवाल्याच्या डोळ्यांदेखत मोडला. शेषरावजी गॅसचं सिलिंडर उतरवून घ्यायला घरात गेले आणि जाताना दोर माझ्या हातात देऊन गेले. नुसतं उभं राहायचं होतं. पण नुसतं उभं राहणं मला जन्मात जमलेलं नाही. म्हटलं, तेवढ्यात हिला सावलीत नेऊ. मी तिच्या पुढे झालो, डोळ्याला डोळा भिडवला आणि ‘चल चल’ म्हणत दोर ओढला. तिनं मान वर केली आणि पाय रोवले. मी सगळा जोर लावला. तिनं जोर लावला नाही, ती फक्त एक पाऊल पुढे आली. ओढायला समोर काही उरलंच नाही, आणि मी तिच्याच सकाळच्या लिदीत बसलो.

शेषरावजी बाहेर आले. मला हात देण्याआधी त्यांनी घोडीची मान थोपटली. मग म्हणाले, “वानखेडेजी, तुमी राँग साइडनं होते.”

शेषरावजी म्हणजे आमचे शेजारी, निवृत्त ट्रॅफिक हवालदार. उभी हयात नागपूरच्या चौकांत उन्हात गेली. चेहऱ्याचा रंग अजून तिथलाच आहे. बायको वारली, मुलगी लग्न होऊन हैदराबादला. घरात ते एकटे, आणि घरासमोरच्या प्लॉटवर कडुलिंबाखाली ही पांढरी घोडी. नाव बिजली. पण शेषरावजी तिला ‘बाई’ म्हणतात आणि ‘तुमी’नं बोलतात. ड्युटीवर असताना बायामाणसांशी असंच बोलायचं असतं, हे त्यांचं म्हणणं.

“साऱ्या शहराले हात दाखवला जी,” ते सांगतात. “माझ्या हाताले एक माणूस थांबला नाही. थांबला तो सिग्नलले, नाहीतर चालानले.”

घोडी मात्र थांबली. ती पूर्वी वरातीची होती. एका संध्याकाळी कोणीतरी तिच्या पायाशी फटाक्यांची लड लावली आणि ती नवरदेवासकट उधळून आमच्या गल्लीत शिरली. नवरदेवानं तिच्या मानेला मिठी मारली होती आणि फेटा मागे कुठेतरी राहिला होता. शेषरावजी गल्लीच्या टोकाला उभे होते. त्यांनी सवयीनं हात वर केला आणि घोडी त्यांच्या समोर येऊन थांबली. त्यांच्या मागे कंपाउंडची भिंत होती आणि तिला जायला दुसरी जागाच नव्हती, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. नवरदेव पायीच मंडपात गेला. घोडीवाल्यालाही असली भित्री घोडी नकोच होती. दुसऱ्या दिवशी ती शेषरावजींच्या दारात.

तिच्यावर ते कधीच बसले नाहीत. मी एकदा विचारलं, “बसत काहून नाही तुम्ही?”

“पाठीवर पुष्कळ बसले तिच्या. आता कोणी बाजूनं चालू द्या.”

म्हणून रोज सकाळी बाजूनं चालणं. फोनवर एक गोरी बाई घोड्यांना जमिनीवर उभं राहूनच शिकवते, तिचे व्हिडिओ ते आवाज बंद करून पाहत. इंग्रजी समजत नाही म्हणून आवाज बंद, असं मला वाटलं. तर म्हणाले, “घोडीले तरी कुठं समजते? ती हात पाहते. मीबी हातच पाहून राहिलो.”

खांद्याशी खांदा लावून चालायचं. आपण थांबलो की तिनं थांबायचं. दोर जरा हलवला की एक पाऊल मागे. तिच्या मागच्या पुठ्ठ्याकडे नुसतं रोखून पाहिलं की मागचे पाय बाजूला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तिनं अर्धं पाऊल जरी दिलं तरी त्याच क्षणी दोर ढिला सोडायचा. “दोर ताणून कोणी काही शिकत नाही. ढिला सोडला की शिकते.” हे पटवण्यासाठी त्यांनी मला घोडी केलं. मनगटाला दोर बांधून प्लॉटभर फिरवलं. मी मधेच खिशातला फोन पाहायला वळलो तर म्हणाले, “तुमचं लक्ष नाही. बाई बऱ्या.” बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिनं एकेक कपडा फार सावकाश वाळत घातला.

दिवाळीनंतर प्लॉटच्या मालकानं बांधकाम काढलं. सिमेंटच्या गाड्या सोमवारपासून येणार होत्या, त्याआधी जागा रिकामी हवी होती. शेषरावजींचे साडू नरखेडकडे राहतात. त्यांची संत्र्याची बाग आहे, विहीर आहे, सावली आहे. घोडी तिथे जायचं ठरलं. अडचण एकच होती. बाई टेम्पोत चढत नव्हती. वरातीच्या दिवसांत तिला काठीनं मारूनच चढवत असत. टेम्पोचा मागचा फाळका खण्णकन पडला की अजून तिचं सगळं अंग थरथरायचं.

साडू येऊन पाहून गेले. म्हणाले, “काय लावलं हे, भाऊ? दोन माणसं मागून, एक काठी. पाच मिनिटांचं काम हाय.”

“काठी नाही,” शेषरावजी म्हणाले.

“मग रविवारी टेम्पो आणतो. स्वतःहून चढली तर ठीक. नाहीतर माझ्या पद्धतीनं.”

त्या आठवड्यात शेषरावजींनी मागच्या खोलीचं दार बिजागऱ्यांवरून काढलं आणि प्लॉटवर जमिनीवर आडवं टाकलं. बाईला लाकडाच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून. पहिल्या दिवशी तिनं नुसतं हुंगलं. मग एक खूर ठेवला आणि काढला. मग उभी राहिली. मग दाराखाली एका बाजूनं विटा आल्या आणि उतार झाला.

“घराचं दार असं काढून टाकलं?” मी म्हटलं.

“घरात मी एकटा. दार कोणासाठी लावू?” त्यांनी हे विटा नीट बसवताना, वर न पाहता सांगितलं.

शुक्रवारपर्यंत बाई त्या दारावर मजेत चढू-उतरू लागली. पण एक गोष्ट मला खटकत होती. ते तिच्यासोबत चढत आणि तिला सोबत घेऊन उतरत. टेम्पोत तर तसं चालणार नव्हतं. आत माणूस आणि घोडी एकदम गेले तर माणूस चेंगरतो. तिला त्यांच्याजवळून पुढे, एकटीनं जायला हवं होतं.

“ते केव्हा शिकवणार?” मी विचारलं.

“तेवढं एक राहून राहिलं,” ते म्हणाले. शनिवारीही ते राहिलंच.

रविवारी सकाळी टेम्पो आला. साडूंबरोबर दोन माणसं होती आणि काठीही होती. फाळका पडला. बाईचे कान मागे गेले आणि ती उलट्या पावलांनी पार कडुलिंबापर्यंत गेली. साडू काठी उचलणार तोच शेषरावजींनी हात वर केला. काठी खाली आली.

“वानखेडेजी, तिच्याकडे पाहू नका. पाठ करा.”

मी पाठ केली. माझ्याकडे एवढंच काम होतं आणि ते मी जीव लावून केलं. मागून फक्त आवाज ऐकू येत होते. चालणं. थांबणं. पुन्हा चालणं. त्यांनी तिला सगळे धडे पहिल्यापासून करायला लावले, जणू टेम्पो तिथे नव्हताच. मग लाकडावर खुरांचा आवाज. मग पुन्हा मातीवर. साडू पुटपुटले, “उशीर होऊन राहिला, भाऊ.”

मग पत्र्यावर खूर वाजले आणि पुढे बराच वेळ काहीच नाही. मला राहवलं नाही, मी वळलो. बाई पुढचे दोन पाय फाळक्यावर ठेवून उभी होती. शेषरावजी बाजूला होते. दोर इतका ढिला होता की मधला भाग जमिनीला टेकला होता. एक हात आमच्याकडे, थांबा म्हणून. दुसरा हात त्यांनी छातीपासून हळूहळू टेम्पोकडे नेला, चौकात गाड्या सोडतात तसा.

“जाय वं, बाई,” ते म्हणाले. “जाय.”

बाई त्यांच्याजवळून पुढे गेली आणि आत जाऊन उभी राहिली.

साडूंनी काठी टेम्पोत न टाकता तिथेच झाडाला टेकवली. शेषरावजी बाईचा दोर सोडवून खांद्यावर घेत ड्रायव्हरला ब्रेक हळू मारायला सांगून आले आणि टेम्पोच्या पुढे चालू लागले. आमच्या लेआउटच्या तोंडाशी मोठा रस्ता लागतो. तिथे रविवारीही कोणी कोणाला जागा देत नाही. शेषरावजी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. अंगात बनियन, पायात चपला, शिट्टी नाही. एक ऑटो थांबला. मागची कार थांबली. स्कूटरवाले पाय टेकून उभे राहिले. टेम्पो सावकाश वळून काटोल रोडकडे निघून गेला.

तो दिसेनासा झाल्यावरही त्यांनी हात खाली केला नाही. आणि नागपुरात, दिवसाढवळ्या, कोणीही हॉर्न वाजवला नाही.

शेवटी ऑटोवाल्यानंच हळू आवाजात विचारलं, “काका, जाऊ का?”

मग आम्ही दोघांनी ते दार उचलून त्यांच्या घरी नेलं. त्यावर खुरांचे ओरखडे होते. “बसवू का?” मी म्हटलं. “राहू द्या,” ते म्हणाले, आणि दार भिंतीला टेकवून खुर्चीवर बसले. मांडीवर दोराची गुंडाळी. मी थोडा वेळ उभा राहिलो. या वेळी नुसतं उभं राहणं मला जमलं.

घरी आलो तेव्हा बायको तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं. तिनं शेवटची शेंग सोलली आणि टरफलं गोळा केली.

“उद्यापासून सकाळचा चहा त्याईचा आपल्याकडं,” ती म्हणाली. “तुमी घ्यायले जा.”

“नाही म्हणतील ते.”

“म्हणू द्या. तुमी थांबा तिथंच. अन् पुढं होऊन ओढू नका, बाजूनं चालत या.”