बाईसाहेबांना दिवस गेले

जावयाची बायको ऑफिसच्या कामासाठी परगावी गेली आणि तिची पाळलेली सापीण त्याच्या गळ्यात पडली. जावई घड्याळं दुरुस्त करायचा. दुकानाची जागा गेल्यापासून त्याचा मुक्काम सासुरवाडीत होता, आणि सासूबाई त्याला चहासुद्धा उपकार केल्यासारखा द्यायच्या. त्यांची सगळी माया त्या बिनविषारी, गव्हाळ सापिणीवर. घरात तिला 'बाईसाहेब' म्हणत.

बाईसाहेबांनी अन्नावरची वासना सोडल्याचं कळताच बायकोचा फोन आला.

"मैत्रिणीच्या सापाजवळ ठेवली होती ना मागे? पोटात अंडी असणार. बघ जरा."

"मी? कसं बघू?"

"हातावरून सरकू दे. पोटाखाली मणी असल्यासारखे लागले, की समजायचं. तुझी बोटं नाजूक कामाची आहेत."

जावयाने व्हिडिओ कॉल सुरू करून फोन समोर टेकवला आणि जीव मुठीत धरून काचपेटी उघडली. बाईसाहेब तळव्यावरून संथपणे सरकू लागल्या. त्याने डोळे मिटून सगळं लक्ष बोटांत आणलं. एक गाठ लागली, मागोमाग दुसरी.

"लागलं गं! अंडीच आहेत!" तो आनंदाने ओरडला. डोळे उघडले तेव्हा त्याच्या ढगळ स्वेटरच्या बाहीबाहेर फक्त शेपटीचं टोक उरलं होतं. तेही बघता बघता आत गेलं.

"ओढू नकोस!" बायको फोनवर किंचाळली. "अंडी फुटतील! ऊब मिळालीय तिला. स्वतःहून बाहेर येईपर्यंत हलू नकोस."

जावई आरामखुर्चीत हळूच टेकला. बाईसाहेबांनी पोटावर वेटोळं घातलं. तेवढ्यात सासूबाई आल्या.

"काय जावईबापू, भरदुपारी पोट कुरवाळत बसलात?"

"आई, आत बाईसाहेब आहेत. दिवस गेलेत त्यांना."

सासूबाई मटकन खाली बसल्या, पण लगेच उठल्या.

"मग असे ताठ काय बसलात? बरगड्या टोचतील तिला! किती वाळलात हो तुम्ही. कुणी खायला घालत नाही का?"

'कुणी' म्हणजे कोण, हे विचारायची ती वेळ नव्हती. सासूबाईंनी पाठीला उशी दिली, पायावर शाल घातली. गरमागरम दूध आणलं आणि हात हलू नये म्हणून चमच्याने पाजलं. मागून शिरा आला. शेजारीण दारात येऊन मोठ्याने बोलू लागली, तर "हळू, आमचे जावई आराम करतायत" म्हणून तिला वाटेला लावलं. लग्न झाल्यापासून 'आमचे' हा शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकला. त्याला भरून आलं. मग पोटही भरलेलं असल्याने डुलकी लागली.

जाग आली तेव्हा पोटावर हलकं हलकं वाटत होतं. त्याने स्वेटर चाचपला. आत कुणी नव्हतं. मान वळवली, तर कोपऱ्यातल्या धुण्याच्या टोपलीत, सासूबाईंच्या मऊ साडीवर बाईसाहेब निवांत पहुडल्या होत्या आणि त्यांच्या वेटोळ्यात पांढरीशुभ्र अंडी होती. सगळं सुखरूप पार पडलं होतं.

स्वयंपाकघरातून हाक आली, "जावईबापू, कशी आहे हो?"

जावयाने शाल ओढून टोपलीवर टाकली, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि खोल आवाजात म्हणाला, "फार नाजूक अवस्था आहे, आई. शिरा उरलाय का थोडा?"